कढीपत्त्यावरच्या अळ्यांचे काय करावे?

सातारा परिसरात राहणाऱ्या एका भगिनींचे पत्र आले आहे. त्यांच्या घरामागे छोटी परसबाग आहे. जमिनीत लिंबू, तगर आणि शेवगा. कुंड्यांमध्ये कढीपत्ता, जास्वंद आणि गुलाब. पाऊस सुरू झाल्यापासून कढीपत्त्याची कोवळी पालवी अळ्या फस्त करीत आहेत. सासूबाईंना रोजच्या फोडणीला कढीपत्ता लागतो, त्यामुळे अळ्या वेचून टाकाव्यात किंवा औषध मारावे असे त्यांचे म्हणणे आहे. ओळखीच्या एकांनी निमतेल सुचवले असून ते नैसर्गिक असल्यामुळे त्याने कोणाचे नुकसान होत नाही अशी खात्रीही दिली आहे. पाचवीत शिकणाऱ्या मुलीने मात्र चार अळ्या बरणीत वाढवायला घेतल्या. दोन मेल्या, एकीचे फुलपाखरू झाले, आणि चौथीच्या कोशातून एक पांढरी अळी खाली पडली, तिची तपकिरी गोळी झाली व काही दिवसांनी त्या गोळीतून घरमाशीसारखी माशी बाहेर आली. मुलगी फार रडली आणि आता बागेत जायला तयार नाही. भगिनी विचारतात की अळ्या माराव्यात, पाळाव्यात की तशाच सोडाव्यात. उपयोगी कीटक कोणते आणि उपद्रवी कोणते हे कसे ओळखावे. असे मृत्यू पाहून मुलीच्या मनावर वाईट परिणाम होईल का. आणि एवढे निरीक्षण करून शेवटी हाती काय लागते? शेजाऱ्यांनी सुरवंटांच्या भीतीने शेवगा तोडायला सांगितला आहे, त्याबद्दलही त्यांना सल्ला हवा आहे.

ताई,

तुमचे प्रश्न वेगवेगळे दिसत असले तरी त्यांच्यामागे एकच गृहीतक आहे. बागेत किडा दिसला की तो आपला की परका हे आधी ठरवायचे आणि मग त्याच्याबाबत लगेच काहीतरी करायचे, असे आपण सगळेच धरून चालतो. ज्याचे वर्षाचे उत्पन्न एका पिकावर अवलंबून आहे त्या शेतकऱ्याला तसे करावेच लागते, कारण त्याला आठ दिवस वाट पाहणे परवडत नाही. तुमच्या परसबागेत मात्र वाट पाहता येते. कढीपत्त्याची चार डहाळी गेली तर घर अडत नाही, आणि त्या आठ दिवसांत जे दिसते त्यावरून काय करायचे हे बहुधा आपोआप ठरते. म्हणून माझा पहिला सल्ला असा की निर्णय थोडा पुढे ढकला आणि आधी पाहा.

तुमच्या कढीपत्त्यावर बहुतेक लिंबू फुलपाखराच्या किंवा कॉमन मॉर्मन या फुलपाखराच्या अळ्या असाव्यात. कढीपत्ता, लिंबू, बेल ही सगळी एकाच कुळातली झाडे आहेत आणि या दोन्ही फुलपाखरांची पिल्ले याच कुळावर वाढतात. मादी कोवळ्या शेंड्याभोवती घुटमळते, पुढच्या पायांनी पान चाचपून त्याची चव घेते आणि पसंत पडले की एकेक फिकट पिवळे, मोहरीहूनही बारीक अंडे चिकटवून पुढे जाते. तीन ते सहा दिवसांत अळी बाहेर पडते आणि पुष्कळदा सर्वांत आधी स्वतःच्या अंड्याचे कवच खाते. लहानपणी ती तपकिरी-काळी असते, मधोमध पांढरा पट्टा असतो, आणि पानाच्या वरच्या बाजूला उघड्यावर बसलेली असूनही ती पक्ष्याची शीट वाटत असल्यामुळे पक्षी तिच्याकडे दुर्लक्ष करतात. चार वेळा कात टाकल्यावर ती एकदम हिरवीगार होते, कारण आता ती शीट वाटण्याइतकी लहान राहिलेली नसते आणि तिला पानांतच लपून जाणे भाग असते. या मोठ्या अळीला काडीने अगदी हलकेच डिवचले तर डोक्याच्या मागून तांबूस-केशरी रंगाची दोन मऊ शिंगे बाहेर येतात आणि उग्र वास सुटतो. मुंग्या आणि छोटे शत्रू त्या वासाने दूर राहतात. माणसाला त्याने काहीही होत नाही.

अळी आयुष्यभरात जेवढे खाते त्याचा फार मोठा भाग ती या शेवटच्या, हिरव्या अवस्थेत खाते. म्हणूनच लोकांना वाटते की झाड एका रात्रीत संपले. वास्तविक अळी दोन आठवड्यांपासून तिथेच असते, फक्त आपल्याला दिसलेली नसते. याचा व्यवहारातला अर्थ असा, की झाड ओकेबोके दिसू लागते तोवर बहुतेक अळ्यांचे खाणे संपत आलेले असते आणि त्या वेळी केलेल्या फवारणीने झाडाचा फारसा फायदा होत नाही. जमिनीत मुरलेले लिंबाचे झाड अशा दहा-बारा अळ्या सहज पेलते आणि पुन्हा पालवते. कुंडीतल्या वीतभर रोपाची गोष्ट वेगळी आहे. एकच मोठी अळी त्याला पुरते बोडके करू शकते, आणि तसे वारंवार झाले तर रोप खुरटते. सासूबाईंची तक्रार म्हणूनच रास्त आहे. ती तुम्ही अज्ञान म्हणून बाजूला सारू नये, अशी माझी विनंती आहे.

निमतेलाबद्दल ठाम बोलायला हवे. ते नैसर्गिक आहे हे खरे, पण नैसर्गिक असणे आणि निरुपद्रवी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कडुनिंबातील अझाडिरॅक्टिन हे द्रव्य अळीचे खाणे थांबवते आणि तिच्या कात टाकण्यात बिघाड आणते. ते फुलपाखराची अळी आणि पतंगाची अळी असा भेद करीत नाही. जिवाणूंपासून बनवलेली जी पावडर ‘सेंद्रिय’ म्हणून विकतात, ती तर अळ्यांसाठीच असते. रासायनिक औषध स्वयंपाकात जाणाऱ्या पानांवर घरी मारूच नये. माझा निमतेलाला सरसकट विरोध नाही. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण, म्हणजे रस शोषणारे पांढरे किडे, हाताबाहेर गेले असतील तर तेवढ्या फांदीवर ते वापरता येईल. पण ते ‘काही होत नाही’ म्हणून सगळ्या बागेवर दर रविवारी फवारण्याची जी पद्धत पडली आहे ती मला चुकीची वाटते. किडींना खाणारे कीटक संख्येने नेहमीच थोडे असतात आणि सावकाश वाढतात. अशा फवारणीत ते आधी संपले की कीड दुप्पट जोमाने परत येते आणि आपण आणखी फवारतो.

मग कढीपत्त्याचे काय करावे? माझ्या मते तुमच्या घरी दोन कढीपत्ते हवेत. या झाडाच्या मुळांना आजूबाजूला पिल्ले फुटतात, आणि पिकून काळी झालेली फळे ताजी असतानाच पेरली तर रोपेही सहज येतात. त्यांतले एक रोप स्वयंपाकघराचे, दुसरे बागेचे. स्वयंपाकघराच्या रोपावर नवी पालवी फुटताना मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा टाकून खाली सुतळीने बांधावा, म्हणजे मादीला अंडी घालताच येणार नाहीत. जाळी टाकण्यापूर्वी पानांवर आधीची अंडी नाहीत ना, एवढे मात्र पाहावे. आत्ता ज्या अळ्या कुंडीत आहेत त्यांना हाताने ओढून काढू नका, कारण त्या रेशमाच्या धाग्यांनी पानाला घट्ट धरून बसतात आणि ओढताना त्यांचे पाय दुखावतात. ज्या डहाळीवर अळी आहे ती डहाळीच कापा आणि लिंबाच्या कोवळ्या फांदीला बांधून ठेवा. लहान अळ्या सहसा लिंबाची पाने स्वीकारतात. मोठी झालेली अळी कधीकधी नव्या पानाला तोंड लावत नाही. तशी एखादी उरली तर तिला कढीपत्त्यावरच राहू द्यावे, तिचे थोडेच दिवस उरलेले असतात.

आता उपयोगी आणि उपद्रवी यांच्या यादीविषयी. तुम्ही यादी मागितली आहे आणि मी ती मुद्दाम देत नाही, कारण अशा याद्या परसबागेत फार लवकर खोट्या ठरतात. तुमच्या जास्वंदीचेच उदाहरण घ्या. तिच्या शेंड्यांवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसतात ते पिठ्या ढेकूण, म्हणजेच मिलीबग. ते रस शोषतात, त्यांच्या अंगातून गोड चिकट द्रव पाझरतो, त्यासाठी मुंग्या येतात आणि बदल्यात त्या ढेकणांचे राखण करतात. इथवर सर्वांना माहीत असते. पण त्याच पुंजक्यात अंगावर मेणाच्या पांढऱ्या झुलपा असलेला, ढेकणांपेक्षा थोडा मोठा आणि चपळ असा एक जीव पुष्कळदा फिरत असतो. तो एका जातीच्या ढालकिड्याची अळी असतो आणि तो ढेकूण खात असतो. तो हुबेहूब ढेकणासारखा दिसत असल्यामुळे आपण त्यालाही पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढतो. त्याहून आश्चर्याची गोष्ट म्हणजे एप फ्लाय नावाचे एक छोटे, करडे-तपकिरी फुलपाखरू आहे, त्याची अळी पाने खातच नाही. ती पिठ्या ढेकणांवर जगते, त्यांचेच मेण अंगावर लेवून त्यांच्यात बसते, आणि तिचा जेमतेम पाच-सहा मिलिमीटरचा कोश समोरून पाहिला तर माकडाचे तोंड दिसते. हे फुलपाखरू आपल्याकडचेच आहे. अळी म्हणजे पाने खाणारी, ही समजूत तुमच्या एका जास्वंदीवर मोडू शकते.

गुलाबाच्या पानांच्या कडेला कात्रीने कापावेत असे स्वच्छ अर्धगोल दिसले तर तिथे अळी शोधू नका. पान कापणारी मधमाशी हे तुकडे नेऊन आपल्या घरट्याच्या खोल्यांना अस्तर लावते. ती पान खात नाही, गुलाबाचे काही बिघडत नाही आणि फुलांच्या परागणाला तिचा उपयोगच होतो. लिंबाच्या पानावर चंदेरी नागमोडी रेघ दिसली तर ती नागअळी. पानाच्या दोन पापुद्र्यांच्या मधे राहून ती पुढे पुढे खात जाते आणि तिच्या वाढीबरोबर रेघही रुंद होत जाते, त्यामुळे एका पानावर तिचे सगळे बालपण वाचता येते. तगरीखाली फरशीवर मिरीएवढ्या, पैलू पाडल्यासारख्या काळ्या लेंड्या पडलेल्या दिसल्या तर सरळ वर पाहावे. तिथे बोटाएवढी जाड हिरवी अळी सापडेल, जिच्या मानेजवळ निळे-पांढरे दोन मोठे डोळे असतात. ते डोळे खोटे असतात. घाबरली की ती डोके आत ओढून ते फुगवते आणि पक्ष्याला साप पाहिल्याचा भास होतो. हा कण्हेरीवरचा हॉक मॉथ, एक अत्यंत देखणा हिरवा पतंग. वाढ पुरी झाली की ही अळी काळपट-तपकिरी होऊन खाली उतरते आणि पालापाचोळ्यात कोश करते. अंगण रोज लख्ख झाडायची आपली सवय चांगली असली, तरी तगरीच्या बुंध्याशी हातभर जागा पावसाळाभर न झाडता ठेवावी असे मी सुचवेन.

भारतात फुलपाखरांच्या तेराशेहून अधिक जाती आहेत आणि पतंगांच्या दहा हजारांहून अधिक. तेव्हा बागेत सापडणारी अनोळखी अळी बहुधा पतंगाचीच निघते. तिचे सुंदर फुलपाखरू होणार नाही म्हणून ती पाहण्याजोगी नाही, असे कृपा करून मुलीला शिकवू नका.

मुलीच्या बरणीत नेमके काय घडले असावे ते सांगतो. दोन अळ्या मेल्या त्याची कारणे अनेक असू शकतात. बंद बरणीत ओलावा साचून बुरशी धरते. ओली पाने आणि न काढलेल्या लेंड्या यांनी ते आणखी वाढते. पाने बाजारातून आणली असतील तर त्यांवर औषध मारलेले असू शकते. आणखी एक कारण लहान मुलांच्या हातून हमखास घडते. कात टाकण्यापूर्वी अळी दिवसभर हालचाल न करता बसते, ती आजारी आहे असे वाटून मूल तिला हलवते, आणि त्या अवस्थेत ती दुखावते. कोश करण्यापूर्वीही अळी खाणे सोडते, पातळ विष्ठा टाकून पोट रिकामे करते आणि अस्वस्थ होऊन फिरत सुटते; तेव्हाही घरातले लोक घाबरतात. पुढे फुलपाखरू बाहेर पडल्यावर त्याच्या पोटातून लालसर द्रव खाली पडतो. ते रक्त नसते, कोशात साठलेला मळ असतो. एवढ्या गोष्टी आधी ठाऊक असल्या तर निम्मी काळजी कमी होते.

पुन्हा अळी घरात वाढवायची असेल तर एकच घ्यावी, आणि मुलीची इच्छा असेल तरच. रुंद तोंडाची बरणी किंवा प्लास्टिकचा पारदर्शक डबा, वर मलमलीचा तुकडा. आपल्याच झाडाची, औषध न मारलेली डहाळी पाण्याच्या छोट्या बाटलीत खोचून बाटलीचे तोंड कापसाने बंद करावे, नाहीतर अळी पाण्यात पडून बुडते. लेंड्या रोज काढाव्यात, आत पाणी शिंपडू नये, बरणी उन्हात ठेवू नये. कोशासाठी एक खडबडीत काडी तिरकी उभी ठेवावी आणि तिच्याभोवती मोकळी जागा असावी, कारण बाहेर आलेल्या फुलपाखराला पंख खाली लोंबू देऊन ते वाळवावे लागतात. जागा नसेल तर पंख कायमचे दुमडलेले राहतात. कोश साधारण आठ ते पंधरा दिवसांत फुटतो. हिवाळ्याच्या तोंडावर केलेला कोश मात्र आठवडेच्या आठवडे तसाच राहू शकतो, म्हणून तो मेला असे समजून लवकर टाकू नये. फुलपाखरू पाऊस नसताना सकाळी त्याच बागेत सोडावे. रानातून अळ्या किंवा फुलपाखरे पकडून आणण्याच्या फंदात पडू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचींत काही फुलपाखरेही आहेत.

खरे सांगायचे तर मला बरणीपेक्षा झाड अधिक पसंत आहे. बरणीत अळीचे फक्त अळीपण दिसते. झाडावर तिच्याभोवती मुंग्या, कोळी, शिंपी पक्षी, पाऊस आणि उन्ह असते, आणि ती कशी जगते हे तिथेच कळते.

आता त्या माशीविषयी. ती बरणीत बाहेरून शिरली नव्हती. अळी तुमच्या मुलीने उचलली तेव्हाच बहुधा तिच्या शरीरात माशीचे पिल्लू होते. टॅकिनिड नावाच्या कुळातल्या या माश्या अळीच्या अंगावर अंडे चिकटवतात, किंवा काही जाती पानावर इतकी बारीक अंडी घालतात की अळी ती पानाबरोबर गिळते. पिल्लू अळीच्या आत वाढते, तिला लगेच मारत नाही, आणि शेवटी बाहेर पडून तपकिरी गोळी बनते. तुमच्या मुलीने पाहिले ते तंतोतंत हेच. रेशमाचे कोश घेणारे शेतकरी याच कुळातल्या उझी माशीला चांगले ओळखतात, कारण ती त्यांचे रेशीमकिडे नासवते. तीच माशी रेशीमशेतात शत्रू, आणि तिच्याच कुळातली दुसरी कपाशीवरच्या बोंडअळीला लागली तर मित्र. याद्या खोट्या का ठरतात ते यावरून लक्षात येईल.

आपल्या परंपरेत भृंगकीटकन्याय प्रसिद्ध आहे. कुंभारीण माशी मातीच्या घरट्यात अळी कोंडते, ती अळी भीतीने अखंड तिचेच ध्यान करते आणि शेवटी स्वतः कुंभारीणच होऊन बाहेर येते, असा तो दृष्टान्त. संतांनी तो भक्तीसाठी वापरला आणि त्या अर्थी तो सुंदरच आहे. पण त्यामागचे निरीक्षण किती बारीक होते पाहा. घरट्यात अळी जाते आणि कुंभारीण बाहेर येते, हे कोणीतरी अनेकदा, सावकाश बसून पाहिले होते. मधली एक गोष्ट तेवढी दिसली नव्हती, ती म्हणजे माशीने आत घातलेले अंडे. कोंडलेली अळी नांगी मारून बधिर केलेली असते आणि अंड्यातून निघालेले पिल्लू तिच्यावर वाढते. युरोपातही दीर्घकाळ अशाच समजुती होत्या. सतराव्या शतकात जर्मनीत जन्मलेल्या मारिया सिबिला मेरियन या चित्रकर्तीने वयाच्या तेराव्या वर्षापासून अळ्या वाढवून त्यांची चित्रे काढली, आणि ज्या अळीतून फुलपाखराऐवजी माश्या निघाल्या तीही टाकून न देता तिची नोंद ठेवली. तुमच्या मुलीला ही गोष्ट सांगावी असे मला फार वाटते. तिच्या बरणीत काही बिघडले नव्हते. मोठ्या माणसांना कळायला शतके लागली ती घटना तिच्या डोळ्यांसमोर घडली.

तिच्या मनावर वाईट परिणाम होईल का, हा तुमचा सर्वांत मनापासूनचा प्रश्न आहे. रडणे हा वाईट परिणाम नव्हे, ताई. तिने एका जिवाला रोज पाने घातली होती, तो गेला आणि ती रडली, हे योग्यच झाले. माझ्या मते तिला दोन गोष्टी सांगू नयेत. ‘ती माशी दुष्ट होती’ असे सांगू नये, आणि ‘पुढच्या वेळी नक्की फुलपाखरू होईल’ असे वचनही देऊ नये, कारण ते तुमच्या हाती नाही. फुलपाखराच्या अंड्यांपैकी फारच थोडी पंखांपर्यंत पोहोचतात. बाकीची मुंग्या, कोळी, गांधीलमाश्या आणि पक्षी यांच्या पोटात जातात. शिंपी आणि दयाळ पिल्लांना भरवतात त्यांत अशा अळ्या मोठ्या प्रमाणावर असतात. ज्या बागेत अळ्या नाहीत तिथे शिंप्याचे घरटेही होणार नाही, हे तिला खिडकीतून दाखवता येईल. एवढे सांगून झाल्यावर तिला बागेत यायचे की नाही हे तिच्यावर सोडा. आग्रह करू नका. काही महिन्यांनी ती आपणहून येईल, किंवा तिला दुसरे काही आवडू लागेल, दोन्ही चालेल.

तोवर निरीक्षणासाठी दुसरे कोणी घरात आहे का, याचा विचार करताना मला सासूबाई दिसतात. पूजेची फुले काढायला त्या रोज त्याच वेळी त्याच झाडांजवळ जातात. काल नव्हते ते आज आहे, हे घरात सर्वांत आधी त्यांच्याच लक्षात येत असणार. अळ्यांची तक्रार आधी त्यांनीच केली, यावरून ते उघड आहे. त्यांना एक चांगले भिंग आणून द्या. अळ्या मारू नका असा उपदेश करण्यापेक्षा, आज लिंबावर किती दिसल्या आणि कोणत्या फांदीवर, एवढेच त्यांना विचारत जा. कॅलेंडरवरच्या तारखेच्या चौकटीत दोन शब्द लिहिले तरी पुरे : कोणते झाड, कोवळे पान की जून, काय दिसले. पहिला पाऊस, नवी पालवी, अंडी आणि कोश यांतले अंतर वर्षभरात त्या नोंदींतून तुम्हाला स्वतःला दिसू लागेल. फोनने त्याच पानाचा रोज एक फोटो काढला तर आणखी चांगले. आयनॅचरलिस्टसारख्या संकेतस्थळावर फोटो टाकल्यास जाणकार ओळख पटवून देतात, आणि फोटोत झाड कोणते हेही लिहिले तर ओळखणे पुष्कळ सोपे जाते. सातारा सह्याद्रीला लागून असल्यामुळे तुमच्या लिंबावर नीलवंताची अळीही येऊ शकते. काळ्या पंखांवर निळी झळाळी असलेले हे मोठे फुलपाखरू २०१५ मध्ये महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू म्हणून घोषित झाले, आणि असे मानचिन्ह ठरवणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य होते. त्याची अळीही लिंबाचीच पाने खाते. उद्या वेचून टाकलेल्या अळ्यांत ती असू शकते, एवढे सासूबाईंच्या कानावर घालायला हरकत नाही.

हाती काय लागते, या प्रश्नाला मी उपयोगाच्या भाषेत उत्तर देऊ शकेन. कीड लवकर लक्षात येते, औषधाचा खर्च वाचतो, वगैरे. ते खरेही आहे. पण ते उत्तर देणे मला प्रामाणिक वाटत नाही. आपल्या अंगणात आपल्याबरोबर कोण राहते हे माहीत असणे मला स्वतःलाच पुरेसे मोलाचे वाटते, आणि त्याचा हिशेब मागावा असे वाटत नाही.

राहिला शेवगा. तो तोडू नका, पण शेजाऱ्यांची भीती निराधार आहे असेही समजू नका. पावसाळ्यात शेवग्यावर केसाळ सुरवंट येतात, रात्री पाने खातात आणि दिवसा खोडावर एकमेकांना चिकटून झुंडीने बसतात. त्यांचे केस कातडीत रुततात आणि भयंकर खाज सुटते. आंबा किंवा गुलाबावर कधीकधी आढळणारी चपटी, हिरवी, काटेरी झुपक्यांची अळीही हात लागताच आग आग करते. सगळ्या केसाळ अळ्या विषारी नसतात, मात्र घरच्या मुलांसाठी नियम एकच ठेवावा : गुळगुळीत असो वा केसाळ, अनोळखी अळीला बोट लावायचे नाही, काडीही लावायची नाही, नुसते पाहायचे. खोडावरची झुंड मुलांच्या हाताच्या उंचीवर किंवा शेजाऱ्यांच्या वाटेवर असेल तर ती काढावीच, आणि इथे मला दुसरा पर्याय दिसत नाही. पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे, चष्मा आणि नाकातोंडावर रुमाल बांधून, वारा नसताना, लांब दांड्याच्या झाडूने सुरवंट साबणाच्या पाण्याच्या बादलीत पाडावेत. जाळू नये, कारण त्याने झाडाची साल भाजते आणि केस हवेत उडतात. उंचावर थोडेसे असतील तर तसेच राहू द्यावेत. कोणाच्या अंगाला केस लागलेच तर चोळू नये. चिकटपट्टी हलकेच लावून ओढावी म्हणजे केस निघून येतात, मग साबणाने धुऊन गार पाण्याची पट्टी ठेवावी. अंगातले कपडे वेगळे धुवावेत. केस डोळ्यात गेले, चेहरा सुजला किंवा श्वासाला त्रास होऊ लागला तर घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टरांकडे जावे. शेजाऱ्यांनाही हे सगळे सांगा, आणि झुंड काढायच्या दिवशी त्यांना आधी कळवून त्यांच्या खिडक्या बंद ठेवायला सांगा.